काळ्या दोऱ्यातलं सोयाबीन

कोळंबी सोलताना शेवटचं काम असतं ते काळा दोरा काढण्याचं. डोकं मोडायचं, पाय खुडायचे, कवच उतरवायचं आणि मग पाठीवरून सुरीचं टोक फिरवून दोरा अलगद ओढून घ्यायचा. आमच्या घरी हे काम लहानपणापासून माझ्याकडे होतं. दोरा राहिला तर दाताखाली कचकच येते, म्हणून आई एकेक कोळंबी तपासून घ्यायची. तो दोरा म्हणजे कोळंबीची आतडी, आणि तिनं शेवटचं जे खाल्लं ते त्यात असतं, हे मला बऱ्याच उशिरा समजलं. समजल्यापासून मी तो टाकून देण्याआधी एकदा नीट बघतो.

समुद्रातल्या कोळंबीचा दोरा काळा आणि रेताड असतो. तळ्यात वाढवलेल्या कोळंबीचा बहुधा तपकिरी, नाहीतर रिकामाच. कारण काढणीच्या आधी तिचं खाद्य बंद करतात. तो तपकिरी रंग खाद्याचा. कारखान्यात तयार झालेली, शेवयांच्या चुऱ्यासारखी दिसणारी बारीक कांडी. तिच्यात मासळीची पूड असते, गव्हाचं पीठ असतं, तेल असतं, जीवनसत्त्वं आणि खनिजं असतात. आणि बहुतेक वेळा सगळ्यात मोठा वाटा असतो सोयापेंडीचा. सोयाबीनमधून तेल काढून घेतल्यावर उरते ती पेंड. बाजारात तिला डीओसी म्हणतात. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही देशातली सोयाबीनची दोन मोठी राज्यं. म्हणजे पुण्याच्या ताटात पडलेल्या कोळंबीचा माग काढत गेलं तर तो किनाऱ्यापाशी थांबत नाही. तो घाट चढून मागे येतो आणि लातूर, धाराशिव, वाशिमच्या काळ्या रानात जाऊन पोचतो.

पुण्यात बसून कोळंबीच्या खाद्यावर लिहायचं कारण हेच. कोळंबी वाढते खाऱ्या पाण्यात. पण तिचं पोट भरतं ते जिरायती शेतावर, आणि त्या शेताच्या मालकाला याची फारशी खबर नाही. त्याच्या सोयाबीनचे नवे वाण काढणारी एक जुनी संस्था पुण्यात आहे. जनावराला काय खायला घालावं याचं गणित देशात ज्यांनी मोठ्या प्रमाणावर मांडलं, त्या कुक्कुटपालन उद्योगाचं एक मोठं केंद्रही पुण्यातच आहे. हे धागे एकत्र ठेवून पाहावेत असं मला बरेच दिवस वाटत होतं.

गणेश पेठेत नागझरीच्या काठी मासळीबाजार आहे. बर्फाची खोकी उतरतात, पाट्या लागतात. जुनी गिऱ्हाइकं अजून टायगर मागतात, कुणी सोलट मागतं, कुणाला भाजीत टाकायला करंदी हवी असते. पण गेली काही वर्षं पाटीत जी पांढुरकी, एकसारख्या मापाची कोळंबी हारीनं मांडलेली दिसते, ती व्हॅनामी. माप एकसारखं दिसलं की ओळखावं, ही तळ्यातली. समुद्र कधी एका मापाचं देत नाही.

व्हॅनामी मूळची आपल्याकडची नव्हे. मेक्सिकोपासून पेरूपर्यंतच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची ही जात. भारतात तिला मोठ्या प्रमाणावर वाढवायला परवानगी मिळाली २००९ मध्ये. त्याआधी आपल्या तळ्यांत टायगर कोळंबीचं राज्य होतं. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूनं ते मोडलं, आणि पाठोपाठ ११ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानं किनारी तळ्यांवर कडक बंधनं घालणारा निकाल दिला. त्या पडझडीनंतर जो उद्योग उभा राहिला तो व्हॅनामीच्या पाठीवर. २०२४-२५ मध्ये भारतानं ७,४१,५२९ टन गोठवलेली कोळंबी परदेशी पाठवली. तिची किंमत ४३,३३४ कोटी रुपये. यात आंध्र प्रदेश सगळ्यांच्या पुढे आहे. पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात तळी आहेत, पण तुलनेनं थोडी.

व्हॅनामी इतकी पसरली याची कारणं सांगताना लोक तिची वाढ आणि दाटीत राहण्याची तयारी सांगतात. मला तिसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. टायगरला खाद्यात ४० टक्के किंवा जास्तच प्रथिनं लागतात आणि त्यातली बरीचशी तिला मासळीची हवी असतात. व्हॅनामीचं ३५ टक्क्यांच्या आसपास भागतं, आणि सोयाबीन ती मुकाट्यानं खाते. समुद्रातला हा जीव शेतातल्या धान्यावर पोसता येतो हे कळलं, तेव्हाच तो लाखो टनांत वाढवता आला.

*

कोकणातल्या खाजणांत पूर्वी कोळंबी धरायची रीत वेगळी होती. भरतीचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं, त्याबरोबर कोळंबीची पिल्लं येत. उघाडी बंद करायची आणि काही आठवड्यांनी ओहोटीला जाळं लावायचं. खायला कुणी काही घालत नसे. चिखलातले किडे, शेवाळ, कुजका पाला यांवर ती वाढे. कोळंबी सर्वभक्षी आहे, समोर येईल ते चिवडते. पण एका गुंठ्यात हजारो पिल्लं सोडली की चिखलातला शिधा पुरत नाही. मग घास बाहेरून द्यावा लागतो, आणि घास द्यायचा म्हटला की प्रश्न पडतो, हिला नेमकं लागतं तरी काय?

या प्रश्नाची पहिली उत्तरं जपाननं काढली. मोतोसाकु फुजिनागा यांनी १९३० च्या दशकात तिकडच्या कुरुमा कोळंबीची अंडी बंदिस्त जागेत मिळवली आणि पिल्लं जगवली. पुढं तिथल्या तळ्यांत कोळंबीला ताजे शिंपले फोडून घालत. शिंपले महाग होते आणि पाणी नासवत. कागोशिमा विद्यापीठात अकिओ कानाझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये शुद्ध घटक मोजून मिसळलेलं खाद्य तयार केलं, म्हणजे एकेक घटक काढून घेतला की काय बिघडतं ते पाहता यावं. त्यातून जे हाती आलं त्यातली एक गोष्ट मला अजून थक्क करते.

डॉक्टर ज्या कोलेस्टेरॉलसाठी कोळंबी जपून खा म्हणतात, ते कोलेस्टेरॉल कोळंबीला स्वतःला तयार करता येत नाही. आपलं यकृत ते बनवतं. कोळंबीच्या शरीरात ती सोयच नाही. आणि तिला ते लागतं मात्र जिवाभावाचं. कात टाकल्याशिवाय कोळंबी वाढत नाही आणि कात टाकायला लावणारं संप्रेरक कोलेस्टेरॉलपासूनच बनतं. समुद्रात ते तिला इतर प्राणी खाऊन मिळतं. वनस्पतीत ते नसल्यासारखंच. म्हणून खाद्यात सोयापेंड जितकी वाढवाल आणि मासळी जितकी कमी कराल, तितकं कोलेस्टेरॉल वेगळं घालावं लागतं. खाद्य कारखाने ते विकत घेतात आणि ते बहुतांशी येतं मेंढीच्या लोकरीला लागलेल्या मेणचट चरबीतून. लोकर धुताना निघालेली ती चरबी शुद्ध करून तिच्यातून कोलेस्टेरॉल वेगळं काढतात. पाण्यातल्या जिवाला कात टाकण्यासाठी मेंढीची मदत लागते. खाद्यशास्त्रातले धागे असे कुठून कुठे जातात.

क जीवनसत्त्वाची गोष्टही तशीच. ते कमी पडलं तर कोळंबीच्या कवचाखाली, जठरात, कल्ल्यांत काळे डाग पडतात आणि ती मरते. या रोगाला जुन्या शास्त्रज्ञांनी काळा मृत्यू असंच नाव दिलं होतं. साधं क जीवनसत्त्व खाद्य शिजवताना उष्णतेनं नष्ट होतं, उरलेलं पाण्यात विरघळतं. म्हणून त्याला फॉस्फेट जोडून टिकाऊ रूप दिलं गेलं. शिजवल्यावर कोळंबी केशरी होते तो रंगसुद्धा तिनं खाऊन मिळवलेला असतो. अ‍ॅस्टॅक्सॅन्थिन नावाचं रंगद्रव्य जिवंत कोळंबीत एका प्रथिनाला बांधलेलं असतं, तेव्हा ते निळसर-करडं दिसतं. कढईत ते प्रथिन मोडतं आणि रंग मोकळा होतो. खाद्यात ते नसेल तर कोळंबी शिजल्यावरही फिकी राहते, आणि गिऱ्हाईक तिला शिळी समजतं.

*

काय घालायचं हे कळलं तरी ते पोचवायचं कसं, हा या धंद्यातला खरा घोर आहे. कोंबडीला दाणा टाकला की ती टिपून गिळते. कोळंबी कांडी पुढच्या बारीक नांग्यांनी उचलते, तोंडापाशी धरते आणि कुरतडत बसते. कुरतडताना बराच चुरा पाण्यात जातो. कांडी तिला दिसते कमी, वासानं कळते जास्त; म्हणजे कांडीतून वास सुटला पाहिजे आणि कांडी सुटता कामा नये. कोंबडीच्या खाद्याचा तुकडा पाण्याच्या ग्लासात टाकून पाहा, काही मिनिटांत त्याची लापशी होते. कोळंबीची कांडी दोन-दोन तास आकार धरून राहावी लागते. त्यासाठी सगळा माल मैद्यासारखा बारीक दळतात, वाफेवर शिजवतात आणि कांडी पाडल्यावरही काही वेळ गरम वाफेत ठेवतात, म्हणजे गव्हातला स्टार्च आणि चिकट प्रथिन तिला बांधून ठेवतं. आपल्या पापडाच्या पिठाला जशी कुटाई लागते, तशी ही सगळी मेहनत बांधणीसाठी असते.

बांधणी फसली की नुकसान दुहेरी. विरघळलेलं खाद्य वाया जातंच, वर ते तळाशी कुजून अमोनिया सोडतं. तळ्याचा तळ काळा पडतो, सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो आणि कोळंबी काठाला येते. खाद्य जास्त पडलं तरी हेच होतं. म्हणून तळ्यात चेक ट्रे टाकतात, म्हणजे जाळीचं ताट. ठरलेल्या वेळानं ते वर ओढायचं, किती कांडी उरली ते पाहायचं आणि पुढच्या पाळीचं माप ठरवायचं. त्याच ट्रेमधली कोळंबी उचलून उजेडाकडे धरतात आणि काळा दोरा पाहतात. दोरा भरलेला आणि तपकिरी असेल तर ती खाद्य खातेय. काळा असेल तर खाद्य कमी पडतंय आणि ती तळ चिवडतेय. रिकामा किंवा पांढरट असेल तर ती आजारी आहे. माझ्या आईनं जो दोरा काढून टाकायला शिकवलं, तो तळेवाल्यासाठी रोजचं पत्रक असतो.

कोळंबी खाताना टिकटिक असा आवाज करते, हेही आता कामाला आलंय. पाण्यात माइक सोडून ती टिकटिक ऐकायची आणि आवाज वाढला की यंत्रानं आपोआप खाद्य सोडायचं, अशी साधनं परदेशात वापरात आहेत. आपल्याकडे विजयवाड्याच्या एरुवाका या कंपनीनं तळ्यासाठी स्वयंचलित खाद्ययंत्रं बनवली. ही चैन वाटेल, पण खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग एकट्या खाद्यावर जातो. एक किलो कोळंबीसाठी १.२ ते १.५ किलो खाद्य लागतं. हा आकडा १.५ वरून १.३ वर आला तर त्या हंगामाचा नफा तिथंच निघतो, १.८ वर गेला तर भाव कितीही चांगला असो, हाती काही राहत नाही. आणि भाव चांगला राहीलच असं नाही. अमेरिका हे आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. २७ ऑगस्ट २०२५ पासून तिनं भारतीय मालावरचा वाढीव कर ५० टक्क्यांवर नेला, तेव्हा कोळंबीवाल्यांना ते लगेच जाणवलं. विकण्याचा भाव आपल्या हातात नसला की घालण्याचा घास तरी नीट मोजावा लागतो.

*

आता मासळीच्या पुडीकडे येतो. एक किलो पूड करायला चार-पाच किलो ओली मासळी लागते. ती कुठून येते? तारलीतून, बारीक मासळीतून, आणि पुष्कळदा अजून वाढायची राहिलेल्या पिल्लांतून. बांगडा हाताएवढा होण्याआधीच जाळ्यात येतो आणि पुडीच्या कारखान्यात जातो, तेव्हा पुढच्या वर्षीच्या कोळ्याचं आणि पुढच्या वर्षीच्या ताटाचंही नुकसान होतं. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचं किमान माप ठरवलं ते याचसाठी. कोळंबी वाढवायची म्हणून समुद्रातली पिल्लं दळायची, हे मला कुठल्याही हिशेबानं पटत नाही. जवळा आपल्या घरात सुकट म्हणून येतो. गरिबाच्या भाकरीबरोबरचं ते हक्काचं प्रथिन आहे. ते कांडीत जाण्याआधी माणसाच्या ताटात गेलं पाहिजे.

म्हणून सोयापेंड. पण सोयाबीनही आहे तसं चालत नाही. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारं द्रव्य असतं; पेंड नीट भाजली तर ते जातं. कमी भाजली तर राहतं आणि जास्त भाजली तर लायसिन हे मोलाचं अमिनो आम्लच करपतं. मेथिओनिन सोयाबीनमध्ये मुळात कमी, ते वरून घालावं लागतं. आणि वरून घातलेलं पाण्यात विरघळून जाऊ नये म्हणून त्याचीही वेगळी रूपं शोधावी लागली. सोयातलं फॉस्फरस फायटेटमध्ये अडकून बसतं, ते सोडवायला एन्झाइम लागतं.

चेन्नईची केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्था, म्हणजे सीबा, १९८७ पासून या विषयांवर काम करते. देशी मालातून तयार केलेलं तिचं व्हॅनामी प्लस हे खाद्य तळ्यांपर्यंत पोचलं. मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ पासून आहे, रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून. माणसं आहेत आणि ज्ञानही आहे.

आणि पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे. गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर असल्यानं पुष्कळांना ती सुधारककर्त्या आगरकरांच्या नावाची वाटते. ती आहे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाची. जन्म मालवणचा, १८८४ चा. ते वनस्पतिशास्त्रज्ञ, कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक होते. पण तरुणपणी सह्याद्रीत भटकताना त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. तोवर त्या गटातला जेलीफिश फक्त आफ्रिकेत माहीत होता. वनस्पती आणि जलचर यांच्यामध्ये भिंत नसलेला हा माणूस. त्यांनी १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली, म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांची मॅक्स. १९९२ मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं. सोयाबीनच्या वाणांना मात्र अजून मॅक्स हेच नाव लागतं: मॅक्स ११८८, मॅक्स १२८१, मॅक्स १४६०. बारामती तालुक्यात होळला संस्थेचं प्रक्षेत्र आहे.

२०२१ मध्ये मॅक्स १४०७ या वाणाची घोषणा झाली. हेक्टरी ३९ क्विंटल उतारा, १०४ दिवसांत काढणी, शेंगा जमिनीपासून सात सेंटिमीटर वर धरतात म्हणून यंत्रानं कापता येतात. दाण्यात तेल १९.८१ टक्के आणि प्रथिनं ४१ टक्के. हा वाण शिफारस केला आहे तो पूर्व आणि ईशान्य भारतासाठी. आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या तोंडी असतात ती जेएस ३३५, फुले संगम, परभणीच्या एमएयूएस वाणांची नावं. पण मी त्या ४१ टक्क्यांपाशी अडकलो. पैदासकार ज्या प्रथिनांची नोंद दशांशापर्यंत ठेवतो, ज्यांच्यासाठी खाद्य कारखाना पेंड विकत घेतो, त्यांचा आकडा बाजार समितीच्या आडतीवर कुणी विचारत नाही. तिथं विचारतात हवा किती, माती किती, काडी किती. हवा म्हणजे ओलावा. मूठभर दाणे हातात चोळायचे, यंत्रात टाकायचे आणि भाव बोलायचा. ३८ टक्के प्रथिनांचं सोयाबीन आणि ४१ टक्क्यांचं सोयाबीन एकाच ढिगात जातं.

*

प्रथिनं मोजून जनावर पोसायची विद्या पुण्याला नवी नाही. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचं मुख्यालय सिंहगड रस्त्यावर आहे. त्यांच्याच पुढाकारानं १९८२ मध्ये अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती झाली. उरुळी कांचनला त्यांच्या नावाची कुक्कुटपालन शिक्षणाची संस्था आहे. मका किती, पेंड किती, चुना किती, लायसिन किती, आणि सगळं बसवून खर्च सगळ्यात कमी कसा, हे गणित कोंबडीवाल्यांनी आपल्याकडे रुजवलं. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं कोंबडीच्या पोषणाच्या गरजांचं पहिलं पुस्तक १९४४ मध्ये काढलं. कोळंबीचं नाव घेऊन तसं पुस्तक यायला २०११ उजाडलं. दोन्हींमधलं अंतर ६७ वर्षांचं आहे. कोळंबीच्या खाद्यशास्त्राला जे अजून शिकायचंय, त्यातलं बरंच कोंबडीवाल्यांना पाठ आहे.

पण पेंडीच्या बाजारात कोंबडी, कोळंबी आणि शेतकरी एकमेकांसमोर उभे राहतात, ते २०२१ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं. पेंड भडकली. कोंबडी आणि मत्स्यखाद्यवाल्यांनी आयातीची मागणी केली, आणि ऑगस्टमध्ये केंद्रानं जनुकबदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आणायला परवानगी दिली. पेंडीत उगवणारा दाणा नसतो, या आधारावर. तिच्यातली काही न्हावाशेवा बंदरातून आली. महिन्याभरात आपलं नवं सोयाबीन बाजारात यायला लागलं आणि भाव निम्म्यावर आला. खाद्यवाल्यांची अडचण खरी होती; तळ्यातली कोळंबी पेंड स्वस्त होईपर्यंत उपाशी राहू शकत नाही. पण ज्या शेतकऱ्यानं दहा हजार हा आकडा फक्त मोबाइलवर पाहिला, त्याचा माल घरात येईपर्यंत तो आकडा गेला होता. त्याच्या बाजूनं मी उभा आहे, कारण या साखळीत जोखीम सगळ्यात जास्त त्याची आणि माहिती सगळ्यात कमी त्यालाच.

त्यानंतर चित्र उलटं झालं. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढायला लागल्यावर त्याचा चोथा, म्हणजे डीडीजीएस, स्वस्तात आणि भरपूर मिळू लागला. त्यातही प्रथिनं असतात. पशुखाद्यात त्यानं पेंडीची जागा खाल्ली, आणि सोयाबीन हमीभावाच्या खाली गेलं. कोळंबीसाठी हा चोथा पेंडीची बरोबरी करत नाही. त्यात तंतू जास्त, लायसिन कमी. चांगल्या पेंडीची गरज तिथं टिकून आहे. म्हणूनच मला वाटतं, आपल्या सोयाबीननं ढिगानं विकण्याऐवजी गुणानं विकायला शिकावं.

गुण मोजण्यात फसगतही असते. पोत्यावर प्रथिनं म्हणून जो आकडा छापतात, तो नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणून काढलेला असतो. युरिया मिसळला तरी तो आकडा वाढतो. मासळीच्या पुडीत ही भेसळ चालते, म्हणून जाणता कारखानदार अमिनो आम्लं तपासतो. तळेवाल्याला पोत्यावर फक्त एकूण प्रथिनं दिसतात. त्यातली पचणारी किती, मेथिओनिन किती, हे त्याला कुणी सांगत नाही. शेतकऱ्याला विकताना प्रथिनांचा आकडा नाही आणि तळेवाल्याला घेताना अर्धाच आकडा. दोन्ही टोकांना अंधार आहे आणि मधल्यांकडे प्रयोगशाळा आहे.

हे बदलायला फार मोठा शोध लागत नाही. दाण्यावर अवरक्त किरण टाकून मिनिटभरात तेल, प्रथिनं आणि ओलावा सांगणारी यंत्रं आहेत. मोठे कारखाने ती वापरतात. ती लातूरच्या, अकोल्याच्या बाजार समितीत, शेतकरी कंपन्यांच्या गोदामात बसवता येतील. आघारकर संस्थेनं, परभणीच्या आणि राहुरीच्या विद्यापीठांनी महाराष्ट्रासाठी जास्त प्रथिनांचे वाण मुद्दाम या कामासाठी निवडावेत; वर्सोव्यानं ते कोळंबीला घालून पाहावेत; आणि पुण्यातल्या खाद्यतज्ज्ञांनी त्याचा भाव ठरवून द्यावा. या संस्था एकमेकींपासून रेल्वेच्या एका रात्रीच्या अंतरावर आहेत.

आणखी एक काम पुण्यातच होण्यासारखं आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्रानं मत्स्य हायड्रोलायसेटवरचं आयातशुल्क १५ वरून ५ टक्क्यांवर आणलं, म्हणजे खाद्य स्वस्त व्हावं. हायड्रोलायसेट म्हणजे मासळीची डोकी, काटे, आतडी एन्झाइमनं विरघळवून केलेला अर्क. कोळंबी त्याच्या वासानं खाद्याकडे ओढली जाते. तोच कच्चा माल गणेश पेठेत रोज कचऱ्यात जातो. सीबानं चेन्नईत बाजारातल्या मासळीच्या टाकाऊ भागांपासून प्लँक्टन प्लस हे उत्पादन करून दाखवलं. आपल्याकडे ते होऊ शकतं. एवढीच काळजी घ्यावी लागेल की कोळंबीची टरफलं आणि डोकी वेगळी ठेवायची. कोळंबीचे विषाणू कोळंबीच्याच खाद्यातून परत तळ्यात जाता कामा नयेत.

२०२५ मध्ये सप्टेंबरच्या पावसानं मराठवाड्यात उभं सोयाबीन पाण्यात गेलं. जे वाचलं ते ओलं होतं, आणि ओल्या सोयाबीनला आडतीवर पहिला प्रश्न हवेचाच येतो. त्याआधीच्या हंगामात, नोव्हेंबर २०२४ मध्ये, केंद्रानं हमीभाव खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली होती. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. खरेदी केंद्राच्या कागदावर ओलावा, माती, काडी, फुटका दाणा, किडका दाणा यांचे रकाने आहेत. प्रथिनांचा रकाना नाही. तो यावा.